न सडणारा माल

भाऊंनी उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम लांब राखलेलं होतं. बाजारात लवकी, म्हणजे दुधी, घेताना बायका नख रुतवून ती कोवळी की जून ते पाहतात, तसं ते प्रत्येक खेळण्याला नख लावून पाहत. दिल्लीहून नमुने घेऊन आलेला एजंट गादीवर बसून पेटी उघडायचा, एकेक वस्तू कौतुकानं मांडायचा, आणि भाऊ त्याच्या कोऱ्या बाहुलीच्या पोटात नख दाबायचे. खूण उठायची. एजंटाचं तोंड उतरायचं.

"अरे सेठजी, सॅम्पल है ये!"

"सॅम्पल हाय म्हणूनच त पायतो," भाऊ म्हणायचे. "बाकीचा माल गिऱ्हाईक पायीन."

अकोल्यात त्यांचं खेळण्यांचं ठोक दुकान होतं. मी तिथं खरेदी आणि साठा सांभाळायची. मूळची मी अमरावतीची, पण लग्नानंतर बरीच वर्षं अकोल्यात काढली आणि त्यातली बहुतेक या दुकानात. मला याद्या करायची सवय आहे. किराणा असो की लग्न, कागदावर उतरल्याशिवाय मला ते झाल्यासारखं वाटत नाही. भाऊ स्वतः एक ओळ लिहीत नसत. त्यांचं सगळं नखावर आणि नाकावर चालायचं. म्हणून आमचं जमलं.

ते मूळचे भाजीवाले. घर माळ्याचं, मोर्णा नदीच्या काठी मळा, बाजारात भाजीची अडत. पहाटे हर्रास म्हणजे लिलाव, दुपारी वसुली, आणि संध्याकाळी उरलेल्या मालाची चिंता. पन्नाशीपर्यंत त्यांनी हेच केलं. "भाजीच्या धंद्यात माणूस झोपत नाही, बाई," ते मला सांगत. "पोत्यातला सांबार रातभर तापते. हात घातला का चटका बसते. सकायी उघडा, त नुसता चिखल." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

मग एकदा एका जत्रेत ते प्लास्टिकच्या खेळण्यांच्या दुकानापुढे उभे होते. नुकतीच सर येऊन गेलेली. दुकानदारानं बदकांवरचं पाणी फडक्यानं पुसलं आणि बदकं परत ओळीत मांडली. एवढंच. पण भाऊंनी जन्मभर पावसात भिजलेला माल फेकलेला होता. त्यांना ते बघवेना आणि तिथून हलवेना. "एवढा पाऊस झाला अन् माल जसाच्या तसा! सडतच नाही, बाई!" हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचे डोळे मोठे व्हायचे. त्याच साली अडत धाकट्या भावाकडे देऊन त्यांनी खेळण्यांचं दुकान टाकलं, आणि त्यांच्याच शब्दांत, झोपायला लागले.

धंदा बदलला, माणूस मंडीतलाच राहिला. एजंटाशी भाव ठरवताना ते गमछा पसरून त्याखाली त्याची बोटं धरायचे. भाजीच्या अडतीत जुनी माणसं असाच भाव करत, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. दिल्लीवाले दचकून हात मागे घ्यायचे. गेल्या हंगामातल्या खेळण्याला ते 'शिया माल', म्हणजे शिळा माल, म्हणायचे आणि मागच्या फळीवर टाकायला लावायचे. दिवेलागणीनंतर त्यांचा भाव आपोआप उतरायचा. जत्रेत पथारी मांडणारे लोक हे ओळखून होते. ते दुपारपासून समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे आणि दुकानातला दिवा लागला की आत यायचे.

"बाबा, ही काही मंडी नाही," त्यांचा मुलगा चिडायचा. तो शिकलेला, हिशेबाला पक्का. "शिट्टी काय सकाळपर्यंत सुकून जाणार आहे का?"

"नसन सुकत. पण तो माणूस संध्याकायी आला न? त्याले संध्याकायचाच भाव लागीन."

भाजीवर जसा सांबार वरून फुकट टाकतात, तसं ते प्रत्येक गठ्ठ्यावर एक शिट्टी टाकायला लावायचे. "यायले सांबार टाका," असं गादीवरून ओरडले की आम्ही शिट्टी टाकायची. बाहेरगावच्या दुकानदारांनाही तो शब्द पाठ झाला होता. "ताई, सांबार राह्यला न माया," असं ते मला जाताना आठवण करून द्यायचे.

सगळ्यांत लांबून यायचा तो धारणीचा दुकानदार. मेळघाटातून पहाटेची बस धरून, मोठ्या आवाजात, दारातूनच चिडवत. "काय भाऊ, आज कोणाच्या पोटात नख खुपसलं?" भाऊंना तो आवडायचा. तो घासाघीस करायचा पण दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि त्याच्या दुकानात कुठला माल का उठला नाही ते न लपवता सांगायचा.

भाऊ बदलले ते एका भादव्यात. मोर्णेला पूर येऊन ओसरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "बाई, मळ्यावर या. पोरालेही घेऊन या." आम्हाला वाटलं, कोणी वाहून गेलं की काय.

मळ्यात वांग्यांवर गाळ बसला होता. वालाचा मांडव एका बाजूला कलला होता आणि त्याच्या वेलीत, तारेत, काठ्यांत रंग अडकले होते. जवळ गेल्यावर दिसलं. पिवळी बदकं, लाल शिट्ट्या, भिंगऱ्यांची पाती, पिचकाऱ्यांच्या नळ्या, एक अख्खा निळा ढोल. पुरानं शहराच्या नाल्यांमधून जे आणलं ते इथं गाळून टाकलं होतं. मळ्यात काम करणाऱ्या बायकांनी बांधावर ढीग लावला होता.

सगळी काही आमच्या दुकानची नव्हती. पण बरीच होती. ते पिवळं बदक विकणं आम्ही केव्हाच बंद केलं होतं, आता ते येतही नाही. भाऊंनी ते हातात घेतलं, गमछ्यानं पुसलं. खाली गाळ, वर तोच पिवळा रंग. त्यांनी नख दाबलं.

"अजून कवयं हाय," ते म्हणाले. कवयं म्हणजे कोवळं.

एका म्हाताऱ्या बाईनं विळा कमरेला खोचला आणि म्हणाली, "भाऊ, वांगे त गेले. हे तुमचंच पीक हाय न?"

"हो माय. मायंच हाय."

परतताना गाडीत ते एकच वाक्य बोलले. "सडत नाही म्हणून मी झोपलो. पण सडत नाही ते जाते कुठं, हे काही मी इचारलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धरलं की दुकानात लाकडी, कापडी, बांबूची खेळणी ठेवायची. मातीत जाईल तोच माल. मुलाचा विरोध उघड होता. भाऊ माझ्याकडे वळले. "बाई, तुमची यादी काय म्हणते?"

मी दोन दिवस घेऊन यादी केली होती, आणि ती चौकशी करूनच केली होती, मनानं नाही. लाकडी माल महाग, हे तर होतंच. शिवाय तो जड. प्लास्टिकचे गठ्ठे दुकानदार बसमध्ये मांडीवर घेऊन जातो, लाकडाला हमाल आणि भाडं. ऑर्डर दिली की दिल्लीचा माल आठवड्यात येतो, सुतार म्हणतात महिना लागेल. उलट बाजूला, नगामागे सुटतं जास्त, फूटतूट परत येत नाही, आणि अमरावती-अकोल्यातल्या बालवाड्यांमधल्या शिक्षिका लाकडी खेळणी आहेत का म्हणून स्वतःहून विचारतात. मी स्पष्ट सांगितलं, "शहरातल्या चार दुकानांना परवडेल. खेड्यातल्या दुकानदाराला नाही परवडणार. त्याच्या दुकानात पोरगं दहाची नोट घेऊन येतं."

"खेड्यातला दुकानदार म्हणजेच आपलं दुकान," मुलगा म्हणाला.

"मंग त्याले परवडेल असं काही तरी शोधू," भाऊ म्हणाले, आणि उठले.

पहिली सुरुवात कापडी बाहुल्यांची. पातूरच्या काही बायका शिवणकाम करत, त्यांना भाऊंनी स्वतः जाऊन काम दिलं. बाहुली त्यांनी हातात घेऊन तोलली आणि हलकी लागली म्हणून नापसंत केली. "हातात भरली पायजे. घरचा कापूस भरा, दाबून भरा." बायका म्हणाल्या, घरच्या कापसातून सरकी काढायला वेळ जातो. "राहू द्या सरकी," भाऊ म्हणाले, "वजन येते." भाजीवाल्याला वजनाचं प्रेम असायचंच.

बाहुल्या झाल्या सुंदर. लुगड्याच्या काठाच्या, नाकात चमकी, डोळ्यांना काळी बटणं. उन्हाळा संपत आला होता. मी लाकडी बैलांसाठी सुतार बघायला आठवडाभर अमरावतीला होते. शाळा सुरू व्हायच्या आधी बाहेरगावचे दुकानदार नवा माल बघायला येतात. त्यासाठी एक दिवस ठरवून भाऊंनी सगळ्यांना बोलावलं होतं, आणि मी आदल्या संध्याकाळी परतले.

अकोल्याचा उन्हाळा सांगायला नको. गोदामाला टिनाचं छप्पर. कापड विटेल, कापूस तापेल, या काळजीनं भाऊंनी जे जन्मभर केलं होतं तेच केलं. टोपल्यांमध्ये बाहुल्या रचल्या, त्यावर ओला बारदाना घातला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारलं. पालेभाजी उन्हात अशीच टिकवतात. हे काम त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःच केलं.

सकाळी दुकानदार जमले. चहा झाला. भाऊ धुतलेल्या धोतरात होते. टोपल्या आतून आणून ओळीनं ठेवल्या, आणि त्यांनी पहिल्या टोपलीवरचा बारदाना दोन्ही हातांनी उचलला.

आधी वास आला, ओल्या मातीसारखा. मग दिसलं. बाहुल्या उगवल्या होत्या. मानेच्या शिवणीतून, काखेतून, लुगड्याच्या काठाखालून पिवळट देठ बाहेर आले होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन-दोन दुमडलेली पानं. एका बाहुलीचा चेहरा आतून फाटला होता. पावसानं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडावरच कापूस उगवलेला वऱ्हाडात सगळ्यांनी पाहिला आहे. असा कोणी पाहिला नव्हता.

धारणीवाला म्हणाला, "काय भाऊ! खेयणे आणले का पऱ्हाटी पेरली?"

सगळे हसले. पोट धरून हसले. मुलगा हसला नाही, तो उठून आत गेला. भाऊ टोपलीजवळ बसले आणि एक बाहुली उचलून तिच्या मानेतलं रोप दोन बोटांनी अलगद ओढलं. मूळ लांब होतं, ते येता येईना.

हसणं थांबल्यावर धारणीवाल्यालाच वाईट वाटलं असावं. तो जवळ येऊन बसला. "भाऊ, मनावर नका घेऊ. अर्ध्या भावात द्या मले. रोपं उपटून, वायवून विकतो. आमच्याकडं काही म्हणत नाही कोणी."

"नाही."

"अहो, वाया जाईन सगळं."

"मंडीत कधी सडका माल दिला नाही. पोराच्या हातात देऊ काय?"

त्यांनी सगळ्या बाहुल्या मळ्यातल्या खताच्या खड्ड्यात टाकायला लावल्या. पातूरच्या बायकांना ठरलेला मोबदला पूर्ण दिला आणि यातलं काही कळू दिलं नाही. दसऱ्याला खड्डा उपसला तेव्हा मी तिथं होते. कापड नव्हतं, कापूस नव्हता, काळंभोर खत होतं. आणि त्यात जागोजागी बटणं. बाहुल्यांचे डोळे. भाऊ वाकून ते वेचत बसले, कोणालाही मदत करू दिली नाही. "इथंही राह्यलंच थोडं," ते म्हणाले. नंतरच्या बाहुल्यांना डोळे काळ्या दोऱ्यानं काढले जायचे. पण त्या थोड्याच झाल्या, आणि ठोकात कधी गेल्या नाहीत.

बाहुल्या उगवल्या त्याच संध्याकाळी मुलानं बापाला शांतपणे सांगितलं. मी समोर होते. "बाबा, तुमच्या मनात आलं म्हणून दुकान बुडवू नका. दोन पोळे देतो तुम्हाला. यंदाचा आणि पुढचा. पुढच्या पोळ्याला दुकानदारांनी लाकडी माल परत मागितला, तर तो राहील, मी एक शब्द काढणार नाही. नाही मागितला तर गादी माझी आणि माल माझ्या मर्जीचा."

"परत मागितला, तरच माल," भाऊ म्हणाले. "बरोबर हाय तुयं. मंडीचाही हाच कायदा हाय." आणि त्यांनी गमछा पसरून मुलाचा हात त्याखाली घेतला. तेव्हा मला हसू आलं होतं.

आता पोळ्याचं सांगते. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. तो पोरांचा. चाकांवरचा लाकडी बैल सजवून पोरं दोरीनं ओढत मिरवतात, घरोघरी नेतात, आणि घरचे बैलाला ओवाळून पोराच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. बैल लाकडीच हवा असा संकेत, पण गेली काही वर्षं प्लास्टिकचे, थर्माकोलचेही निघाले होते. खेड्यातला माणूस एरवी दहाच्या वर जात नाही, पण या एका दिवसासाठी जातो. परवडणारी जागा होती ती हीच, आणि ती भाऊंनी शोधली होती, मी नाही.

सुतार अमरावतीचा. त्याच्याकडे भाऊ माझ्याबरोबर एकदा आले आणि पहिल्याच बैलाला नख लावून म्हणाले, "लाकूड वायलेलं हाय. ताजं नाही का?"

सुतारानं रंधा खाली ठेवला. "भाऊ, लाकूड म्हंजे मेथी नोय."

भाऊंनी गमछ्यानं तोंड पुसलं. बाहुल्यांनंतर ते ऐकायला शिकले होते. त्यांनी पुन्हा त्याच्या कामात तोंड घातलं नाही.

त्या पोळ्याला बैल गेले. अमरावती, धारणी, पातूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, जो आला त्यानं नेले. अमावास्येच्या आदल्या दिवशी फळीवर एकही बैल नव्हता आणि धारणीवाला माझ्याशी भांडत होता की त्याच्या वाट्याचे मी दुसऱ्याला दिले. मुलानंही ते पाहिलं. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "ताई, माझं चुकलं असेल तर पुढच्या वर्षी कबूल करीन."

पुढच्या वर्षासाठी भाऊंनी जास्त बैल करायला सांगितले. श्रावण लागला तसे दुकानदार येऊ लागले. शिट्ट्या घेतल्या, फुगे घेतले, राख्या घेतल्या. बैलांच्या फळीकडे पाहून म्हणायचे, "नाही भाऊ. आहेत."

"आहेत म्हंजे? उरले काय मागचे?"

"उरले नाही, सगळे विकले. पोरांकडं आहेत न. अजून चांगले आहेत. लहान गाव हाय भाऊ, पोरं तितकीच."

प्रत्येकाचं बोलणं थोड्याफार फरकानं हेच. धारणीवाला शेवटी आला. त्यानं दारातून हाक मारली नाही. आत येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, खोटं नाही सांगत. तुमच्या मालासारखा माल नाही. लेकराचे लेकरं खेयतीन त्याच्यावर. म्हणूनच नाही घेत."

मी यादीत लाकडाचं वजन लिहिलं होतं, भाडं लिहिलं होतं, सुताराला लागणारा वेळ लिहिला होता. टिकणारा माल ठोकवाल्याकडे परत येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नव्हतं. एकदा विकलेली भाजी संध्याकाळी संपते. प्लास्टिकची शिट्टी आठवड्यात फुटते. दुकान त्यावर चालतं.

मुलानं जिंकल्याचा आव आणला नाही. तो फक्त वाट पाहत होता.

मी तोवर अमरावतीला घर हलवलं होतं आणि आठवड्यातले काही दिवस अकोल्याला जात होते. तान्ह्या पोळ्याला भाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, बघू तरी बैल कसे आहेत. आमच्या कॉलनीत संध्याकाळी पोरं जमली. मी ओट्यावर खुर्ची टाकून दिली, ताटात कुंकू, हळद, बोजाऱ्याचे पैसे. भाऊ ताठ बसले होते.

बैल येत गेले. भाऊ आपला बैल लांबूनच ओळखत. एकाला नवा रंग दिलेला, एकाची शिंगं बेगडानं मढवलेली, एकाच्या पाठीवर आईच्या साडीची झूल. शेजारची एक मुलगी बैल ओढत आली. तो चालताना एका अंगाला लंगडत होता, कारण पुढचं एक चाक चपलेच्या तळव्यातून कापून लावलेलं होतं, निळं.

"याचं चाक काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"तुटलं न आजोबा. दादानं दगडावरून नेला होता. मंग त्यानंच बसवलं."

"दादाचा हाय काय बैल?"

"आधी त्याचा होता. आता माझा. मंग बारक्याचा होईन."

मी बैलाला ओवाळलं. भाऊंनी बोजारा तिच्या हातावर ठेवला. ती पुढच्या घरी गेली तरी ते त्या निळ्या चाकाकडे बघत होते. त्यानंतर आलेल्या बैलांमध्ये आम्हाला आणखी तसे दिसले. कोणाला बाटलीचं झाकण, कोणाला डब्याचं.

"चाक कच्चं पडलं, बाई," ते म्हणाले. "माल फसला आपला."

"भाऊ, चाक दगडावर तुटणारच. बैल तर चांगला आहे."

"बैल चांगला हाय म्हणून दुकानदारानं घेतला नाही. चाक खराब हाय म्हणून पोराले झिजवलेली चप्पल लावा लागली. मंग मी विकलं काय?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. रात्री जेवले नाहीत, ताकावर झोपले. सकाळी माझ्याच समोर मुलाला फोन लावला. "तू म्हणला होता ते झालं. कोणी परत मागितला नाही. गादीवर बस. मी शब्द देल्ला होता." पलीकडून मुलगा काहीतरी बोलत होता, बहुधा घाई नको म्हणत असावा. "नाही, नाही," भाऊ म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा," आणि फोन माझ्या हातात दिला, कारण तो बंद कसा करायचा ते त्यांना कधीच जमलं नाही.

नंतर ते दुकानात आले ते पाहुण्यासारखे. बाहेरच्या बाकावर बसायचे, गादीवर नाही. उरलेले बैल मुलानं बालवाड्यांना थोडे थोडे करून दिले, आतबट्ट्यात का होईना, फेकले नाहीत. सुताराला भाऊंनी स्वतः जाऊन सांगितलं की आता माझ्यासाठी करू नका, आणि ज्या दुकानदाराला कधी एखादा बैल लागेल तो सरळ तुमच्याकडे येईल. धंद्यातला मधला माणूस असं करत नाही. सुतारानं मला नंतर सांगितलं, "भाऊ जाताना चाकाबद्दल माफी मागून गेले. मले त समजलंच नाही काहून."

थंडीत ते गेले. दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी. मळ्यातच होते. धारणीवाला बस बदलत आला आणि तिरडीला खांदा दिला.

पुढचा श्रावण. मी अमरावतीत स्वतःचं काम सुरू केलं होतं. बालवाड्यांना सामान पुरवायचं, छोटंच. एक दिवस दुपारी भाऊंच्या मुलाचा फोन आला. दुकानातला गलबला मागे ऐकू येत होता.

"ताई, एक विचारायचं होतं. पातूरवाला उभा आहे समोर. सकाळी मूर्तिजापूरचा येऊन गेला. काल धारणीचा. सगळे एकच मागतात. चाकं."

"कसली चाकं?"

"बैलांची. लाकडी. बैल नको म्हणतात, बैल आहेत. पोरं चाकांसाठी दुकानात येऊन राह्यली म्हणतात, मोठी, लहान, जोडी, डझन, कितीही द्या. दर वर्षी लागतील म्हणतात. सुताराचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

मी नंबर दिला. कुठल्या मापाची चाकं चालतील तेही सांगितलं, आणि चाकाचा आस लोखंडी नको, लाकडाचाच घ्या असंही. तो लिहून घेत होता. मग लिहिणं थांबलं. मागे कोणीतरी म्हणत होतं, लवकर करा शेठ, बस हाय माझी.

"ताई," तो म्हणाला, "बाबांच्या हे लक्षात आलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना वाटलं, माल फसला."